टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार: कोणती वायर कुठे, आणि आधी कोणती?

दिवाळीत साउंडबार घरी येतो आणि भाऊबीजेपर्यंत मला फोन येतो. "अरे, बारवर लाइट लागलाय, पण आवाज अजून टीव्हीतूनच येतोय." जाऊन बघावं तर बारही चांगला असतो आणि वायरही. ती फक्त शेजारच्या भोकात गेलेली असते. पिन बसली म्हणजे जोडणी झाली, असं आपण धरून चालतो. पण पिन बसते ती आकारामुळे. चित्र किंवा आवाज जातो तो त्या भोकामागे तसं सर्किट असेल तरच, आणि दिशा बरोबर असेल तरच.

खालचा क्रम घरातल्या नेहमीच्या सामानासाठी आहे: टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार किंवा होम थिएटर, एखादा जुना डीव्हीडी प्लेअर, आणि शेवटी लॅपटॉप-प्रोजेक्टर. क्रम मोडू नका. निदान आधी वायर आणून मग तिच्यासाठी भोक शोधायला तरी बसू नका.

## टप्पा १: आधी पाठ बघा

टीव्हीची पाठ, बॉक्सची पाठ, बारची पाठ. टॉर्च लावून मोबाइलने प्रत्येकीचे फोटो काढा. अक्षरं बारीक आणि काळ्यावर काळी कोरलेली असतात, त्यामुळे मान वाकडी करून वाचण्यापेक्षा फोटो मोठा करून वाचणं सोपं. मग कॅलेंडरच्या जुन्या पानामागे तीन चौकोन काढा आणि प्रत्येकात भोकांची नावं लिहा. नावापुढे 'इन' आहे की 'आउट', हे सोडू नका. पुढच्या निम्म्या चुका इथेच टळतात.

काय काय दिसेल:

एचडीएमआय. चपटं, खालचे दोन कोपरे छाटलेलं, आत १९ पिना. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून. टीव्हीवर अशी दोन-तीन असतात आणि त्यातल्या सहसा एकावरच 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' लिहिलेलं असतं (टीव्हीचा आवाज बारकडे नेणारं भोक). त्या एकाला कागदावर गोल करा.

लाल-पांढरी-पिवळी. पिवळं चित्र, पांढरा डावा आवाज, लाल उजवा. हा जुना ॲनालॉग मार्ग आहे. त्यातून एचडी चित्र येत नाही, कितीही महाग वायर घेतली तरी.

पाच पिनांची, म्हणजे 'कम्पोनंट'. हिरवं, निळं, लाल हे तिन्ही मिळून फक्त चित्र. आवाजाची लाल-पांढरी जोडी वेगळी. म्हणजे इथे लाल दोन! चित्राचं लाल आवाजाच्या लालमध्ये गेलं की रंग बिघडतात आणि एका बाजूने खरखर येते. आणखी एक गंमत: बऱ्याच टीव्हींवर पिवळं आणि हिरवं एकच भोक असतं. डीव्हीडी प्लेअर पिवळ्या वायरीने जोडला आणि चित्र काळंपांढरं आलं, तर वायर खराब नाही. टीव्हीच्या सोर्स यादीत 'कम्पोनंट' निवडलेलं आहे, ते 'एव्ही' करा.

बारकी पिन, ३.५ मिलिमीटर. हिच्यावर नीट थांबा. टीव्हीच्या पाठीवर अशी दोन भोकं असू शकतात: एक हेडफोनचं, एक 'एव्ही इन'. दिसायला सारखी, काम उलटं. हेडफोनच्या भोकातून आवाज बाहेर येतो, एव्ही इनमध्ये चित्र आणि आवाज आत जातो. साध्या स्टिरिओ पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, एव्हीच्या पिनेवर तीन. आणि या तीन रेघांच्या वायरींमध्ये कंपन्यांचं एकमत नाही. जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेली वायर टीव्हीला हुबेहूब बसते, पण चित्र येत नाही आणि स्पीकरमधून 'घर्रर्र' असा सलग आवाज येतो. तो आवाज म्हणजे चित्राचाच सिग्नल, चुकून स्पीकरकडे गेलेला. पिवळी आणि लाल पिन अदलाबदल करून बघा. तरी नाही जमलं, तर त्या टीव्हीच्या खोक्यातली मूळ वायर शोधा.

ऑप्टिकल. लहान चौकोनी भोक, वर झडप. टीव्ही चालू असताना आत लाल उजेड दिसतो. फक्त आवाज.

डिशची वायर. आट्यांची, मध्ये तांब्याची एक काडी.

व्हीजीए. १५ पिना, बहुधा निळी, दोन्ही बाजूंना स्क्रू. आवाज नाही.

यूएसबीबद्दल एकच वाक्य: टीव्हीचं नेहमीचं चपटं यूएसबी पेनड्राइव्हसाठी असतं, लॅपटॉप त्यात जोडून स्क्रीन दिसत नाही.

> तपासा: कागदावर प्रत्येक बाण 'आउट'पासून सुरू होऊन 'इन'वर संपतोय का? (एआरसीचा बाण सोडून, त्याचं टप्पा ५ मध्ये.) संपत नसेल तर अजून बाजारात जाऊ नका.

## टप्पा २: मोजा, मग खरेदी

टीव्हीपासून बारपर्यंत सरळ अंतर मोजू नका. सुतळी घ्या आणि वायर जशी जाणार तशी ती फिरवा: टीव्हीच्या मागून खाली, कपाटाच्या भोकातून, कोपरा वळून. त्यात अर्धा मीटर जास्त धरा. टीव्ही भिंतीवर असेल तर तो पुढे ओढताना वायर ताणली जाऊ नये, एवढी ढील लागते.

पुण्याच्या तपकीर गल्लीत असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, एचडीएमआय वायर मागितली की दुकानदार विचारतो, "एक पॉइंट चार देऊ की दोन पॉइंट एक?" हा प्रश्नच चुकीचा आहे. ते आकडे यंत्रांचे, वायरीचे नाहीत. वायरीची प्रत वेगळ्या नावांनी चालते: 'हाय स्पीड' साध्या फुल एचडीला पुरते, ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेमने चालवायचं तर 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, आणि गेमिंगसाठी ४के १२० फ्रेम हवं असेल तर 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८ गिगाबिट. वरच्या दोन्ही प्रतींच्या खोक्यावर मोबाइलने स्कॅन करता येईल असं प्रमाणपत्राचं लेबल असतं. सेट-टॉप बॉक्स आणि साध्या साउंडबारला अल्ट्रा घेऊन काही वाढत नाही.

सोन्याच्या मुलाम्याच्या पिनांना गंज कमी लागतो. कोकणपट्टीत दमट हवेत त्याला थोडा अर्थ आहे. पण त्याने रंग 'उठून' येत नाहीत. डिजिटल सिग्नल पोचतो, किंवा ठिपके पडतात, चित्र मध्येमध्ये जातं, नाहीतर येतच नाही.

लांबी मात्र महत्त्वाची. दोन-तीन मीटरला चिंता नाही. पाच मीटरच्या पुढे ४के साठी प्रमाणित वायरच घ्या. दहा मीटरच्या पुढे, म्हणजे हॉलच्या छताला प्रोजेक्टर असेल तर, आत काचेचा तंतू असलेली ॲक्टिव्ह ऑप्टिकल एचडीएमआय लागते. तिच्या एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. पाइपमधून ओढण्याआधी ते वाचा. छतातून उलटी टाकलेली वायर पुन्हा बाहेर काढताना मी एका इलेक्ट्रिशियनचा चेहरा पाहिलाय.

> सावधान: एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी-पिवळी अशी साधी वायर स्वस्तात मिळते. नवा बॉक्स जुन्या टीव्हीला जोडायला लोक हीच आणतात. तिच्यात सिग्नल बदलणारं सर्किट नसतं, त्यामुळे ती चालत नाही. हवा असतो तो डबीसारखा कन्व्हर्टर, वेगळी वीज घेणारा. तोही एकाच दिशेचा असतो: 'एचडीएमआय टू एव्ही' वेगळा, 'एव्ही टू एचडीएमआय' वेगळा. नाव उलटसुलट वाचून घेतलेला परत करायला पुन्हा फेरी पडते. आणि आधी बॉक्सच्या पाठीवर एव्ही आउट आहे का ते बघा. असेल तर कन्व्हर्टर लागतच नाही.

डिस्प्लेपोर्टचंही असंच. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून टीव्हीच्या एचडीएमआयकडे जाणारी साधी वायर मिळते, पण ती उलटी लावून चालत नाही.

## टप्पा ३: बटणं बंद, पिना बाहेर

रिमोटने बंद करणं म्हणजे बंद नव्हे. भिंतीवरची बटणं बंद करा आणि प्लग काढा.

कारण दोन. डिशच्या वायरीतून फक्त सिग्नल येत नाही. वर छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) बॉक्स याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट देत असतो. बॉक्स चालू ठेवून ती सोडवताना मधली काडी बाहेरच्या धातूला टेकली तर शॉर्ट होतं. दुसरं कारण जुन्या घरांत बोटांना कळतं: अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर टीव्ही चालू असताना एचडीएमआयच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं. यंत्राच्या वीजपुरवठ्यातून आलेला तो बारीक करंट माणसाला सहसा फार काही करत नाही, पण चालू यंत्रात पिन घुसवताना एचडीएमआयच्या चिपला बाधू शकतो. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की विजेच्या प्लगबरोबर डिशची वायरही काढून ठेवायची ती याच जातीच्या कारणाने.

डिशच्या वायरीचं टोक तुटलं असेल तर आताच नवं बसवा. वरचं काळं आवरण सोला आणि जाळी मागे दुमडा. मग आतलं पांढरं फोम एवढंच कापा की तांब्याची काडी कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसेल. नंतर भिंगातून बघितल्यासारखं बघा. जाळीचा एकही केस मधल्या काडीला टेकता कामा नये. 'सिग्नल नाही' म्हणून तक्रार केलेली असते आणि कारण म्हणजे केसाएवढी एक तार. आट्या हाताने घट्ट करा, पक्कड नको.

## टप्पा ४: आधी फक्त चित्र

एका वेळी एकच वायर. सगळं एकदम जोडून मग बटण दाबलं की बिघाड कुठला, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

१. डिशची वायर बॉक्सला लावा.

२. बॉक्सच्या एचडीएमआय आउटमधून वायर टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये. ज्याला गोल केलाय त्या एआरसीच्या भोकात नाही. ते साउंडबारसाठी राखून ठेवा.

३. टीव्ही आधी चालू करा, बॉक्स नंतर.

४. रिमोटवरून सोर्स निवडा. भोकाचा नंबर आणि यादीतला नंबर एकच असावा.

> तपासा: चित्र आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज, दोन्ही येतंय का? येत नसेल तर साउंडबारच्या खोक्याला हात लावू नका.

चित्र नसेल तर याच क्रमाने: वायरीची दोन्ही टोकं काढून पुन्हा शेवटपर्यंत दाबा (भिंतीला चिकटलेल्या टीव्हीवर पिन अर्धीच गेलेली असते), मग टीव्हीचं दुसरं भोक, मग दुसरी वायर. बॉक्स बदलायचा विचार सर्वांत शेवटी. जाहिरात दिसते आणि सिनेमा लावला की काळा पडदा किंवा 'एचडीसीपी' असा संदेश येतो, तेव्हा मधे जोडलेला स्वस्त स्प्लिटर किंवा कन्व्हर्टर काढून थेट जोडून बघा. नक्कल रोखणारी ती पडताळणी मधल्या डबीपाशी अडते. आणि ४के यंत्र जोडूनही रंग फिके वाटत असतील, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या भोकापुरतं वाढीव सिग्नलचं बटण असतं. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'अल्ट्रा एचडी डीप कलर'. ते प्रत्येक भोकासाठी वेगळं चालू करावं लागतं.

## टप्पा ५: आता आवाज

तीन मार्ग आहेत. पसंतीच्या क्रमाने घ्या आणि एकच वापरा. "दोन्ही लावून ठेवतो, जो चालेल तो चालेल" असं केलं की एक तर आवाज घुमतो, नाहीतर टीव्ही तिसराच मार्ग धरून बसतो.

### पहिला मार्ग: एआरसी

'आउटमधून इनकडे' हा आपला नियम इथेच मोडतो आणि म्हणूनच माणसं अडकतात. बारच्या पाठीवर दोन एचडीएमआय असतील तर एकावर 'इन' आणि एकावर 'आउट, टीव्ही एआरसी' लिहिलेलं असतं. आवाज तर टीव्हीकडून बारमध्ये यायचाय, म्हणून साहजिकच कोणीही 'इन'मध्ये वायर घालतो. चूक! टीव्हीचं एआरसी भोक बारच्या 'आउट' भोकाला जोडायचं. एआरसी म्हणजे आवाजाची परतीची वाट, बाहेर जाणाऱ्या रस्त्यावरून उलट येणारी. बारचं 'इन' हे बॉक्स थेट बारला जोडायचा असेल तेव्हासाठी.

वायर लावल्यावर टीव्हीत तीन गोष्टी:

१. सीईसी, म्हणजे एचडीएमआयमधून यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय, चालू करा. या नावाने ते सापडेलच असं नाही. सॅमसंग त्याला 'एनीनेट प्लस' म्हणतं, एलजी 'सिम्पलिंक', सोनी 'ब्राव्हिया सिंक'.

२. आवाजाच्या सेटिंगमध्ये 'टीव्ही स्पीकर' सोडून 'एचडीएमआय एआरसी' किंवा 'रिसीव्हर' निवडा.

३. बारच्या रिमोटवर सोर्स 'टीव्ही' किंवा 'एआरसी' करा. ब्लूटूथवर राहिलेला बार हा नेहमीचा गुन्हेगार.

तरीही शांतता असेल तर टीव्हीचं 'डिजिटल ऑडिओ आउट' 'ऑटो'वरून 'पीसीएम' करा. पीसीएम म्हणजे साधा, न दाबलेला डिजिटल आवाज, तो बहुतेक प्रत्येक बारला कळतो. आवाज आला, तर वायर ठीक आहे आणि घोळ डॉल्बीच्या भाषेचा होता. मग सावकाश 'ऑटो' परत लावून बघा. सगळं बरोबर असून एक दिवस अचानक बंद पडलं, तर टीव्ही आणि बार दोघांचे प्लग एखादं मिनिट काढून ठेवा. ओळखपाळख पुन्हा होते.

### दुसरा मार्ग: ऑप्टिकल

टीव्हीला एआरसी नसेल तर हा. नव्या वायरीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या असतात. त्या न काढताच वायर घुसवायचा प्रयत्न मी स्वतः केला आहे, आणि जोर लावून झडपही वाकवली आहे. टोप्या काढा, पण फेकू नका. एक टोक टीव्हीत लावा आणि दुसरं हाताच्या तळव्यावर धरा. लाल ठिपका पडला की टीव्हीकडून उजेड येतोय. तो उजेड टक लावून बघू नका. मग टोक बारमध्ये 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. वायर काटकोनात मोडू नका, आतला तंतू तडकला की वरून काहीच दिसत नाही. सेटिंगमध्ये आवाज 'ऑप्टिकल' करा. या मार्गाने स्टिरिओ किंवा ५.१ येतो, त्यावरचे नवे प्रकार पूर्ण प्रतीत येत नाहीत. आणि टीव्हीच्या रिमोटने बारचा आवाज वाढेलच असं नाही.

### तिसरा मार्ग: बारकी पिन किंवा लाल-पांढरी

जुन्या होम थिएटरसाठी. इथली सर्वांत मोठी चूक: टीव्हीच्या पाठीवर लाल-पांढरी भोकं दिसली म्हणून त्यातच होम थिएटर जोडणं. आजच्या टीव्हींवर ती बहुधा 'इन' असतात, त्यातून आवाज बाहेर येत नाही. तुमच्या फोटोत 'ऑडिओ आउट' सापडलं नाही, तर हेडफोनच्या भोकातून लाल-पांढरीकडे जाणारी वायर घ्या. टीव्हीचा आवाज अर्ध्याच्या थोडा वर ठेवून बाकीचं होम थिएटरवर वाढवा. टीव्ही अगदी कमी आणि होम थिएटर फुल ठेवलं की मागे सूंऽऽ ऐकू येतं.

स्पीकरच्या मोकळ्या वायरी लावताना लालला लाल, काळ्याला काळी. वायरीला रंग नसेल तर एका तारेवर रेघ असते, ती दोन्ही टोकांना एकाच रंगाला ठेवा. एक स्पीकर उलटा जोडला तरी वाजतो, म्हणून चूक कळत नाही. पण बास हरवतो आणि बातम्या देणारी बाई मधोमध न बोलता खोलीभर पसरून बोलते. टोकाच्या तारा पीळ देऊन बसवा. शेजारच्या तारेला एक केस टेकला तरी ॲम्प्लिफायर जायचा.

> तपासा: बातम्या लावा. ओठ आणि शब्द बरोबर जुळतायत का? आवाज आधी येत असेल तर बारवर किंवा टीव्हीत 'ऑडिओ डिले' किंवा 'एव्ही सिंक' असतं, ते थोडं थोडं वाढवा.

## टप्पा ६: लॅपटॉप आणि प्रोजेक्टर

घरी थोडक्यात: वायर लावा, विंडोज आणि पी एकत्र दाबा, 'डुप्लिकेट' निवडा, आणि आवाजाच्या चिन्हावरून स्पीकर बदलून टीव्हीचं नाव निवडा. यूएसबी-सी भोक असलं म्हणून त्यातून चित्र येतंच असं नाही. भोकाशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण आहे का, किंवा लॅपटॉपच्या माहितीपत्रकात तसं लिहिलंय का, ते अडॅप्टर घेण्याआधी बघा.

सोसायटीच्या गणपतीत सिनेमा दाखवायचा असेल तेव्हा वेगळीच पीडा येते. लॅपटॉपच्या हेडफोनमधून मिक्सरला वायर जाते आणि सगळ्या मांडवात 'घूंऽऽ' सुरू होतं. लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज थांबला, तर दोन वेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगमुळे झालेलं ते वेटोळं आहे. सगळं एकाच बोर्डावरून चालवा, किंवा मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा.

> सावधान: घूं घालवायला प्लगची जाड अर्थ पिन काढून टाकणारे उत्साही कार्यकर्ते असतात. त्यांना थांबवा. पावसात ओला मांडव, लोखंडी खांब आणि हातात धातूचा माईक, यात ती पिनच माणसाला वाचवते.

## टप्पा ७: बांधणी

सगळं चालल्यावरच बांधा. विजेच्या वायरी एका बाजूला, ॲनालॉग आवाजाच्या दुसऱ्या बाजूला. एकमेकींना ओलांडायचं असेल तर आडवं ओलांडा, बरोबर समांतर नेऊ नका. प्लास्टिकच्या दातेरी पट्ट्या आवळून लावण्यापेक्षा वेल्क्रो बरी, उद्या एक वायर बदलायची तर सगळा जुडगा कापावा लागत नाही.

घराचं काम निघालं असेल आणि भिंतीतून वायर न्यायची असेल, तर मिस्त्री विजेच्या वायरींचा नेहमीचा बारीक पाइप टाकून मोकळा होतो. त्यातून वायर जाईल, पण एचडीएमआयचं डोकं अडकेल. जाड पाइप सांगा आणि काटकोनी कोपऱ्याऐवजी मोठं वळण घ्यायला लावा. पाइप बुजवण्याआधी हातातली खरी वायर त्यातून एकदा ओढून बघा, आणि आत एक नायलॉनची दोरी कायमची ठेवा.

शेवटी खुणा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीचं चिटोरं: 'बॉक्स', 'बार', 'डीव्हीडी'. टीव्हीच्या एआरसी भोकाशेजारी आणि त्यातल्या पिनेवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका. मग जोडलेल्या पाठीचा पुन्हा एक फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. रंगकामवाले टीव्ही उतरवून जातात तेव्हा तुम्ही ऑफिसात असता आणि आई फोनवर विचारत असते, "यातली काळी कुठली?" सगळ्याच काळ्या असतात. ठिपक्याची लाव, म्हणायचं.